गोष्टीतल्या विहिरीचा पत्ता द्यायचा नाही

रातची_लाईन

मंडळी, भयकथा लिहिणाऱ्या, सांगणाऱ्या आणि ऐकणाऱ्या सगळ्यांसाठी हा धागा काढतोय. थोडा लांबेल, पण पूर्ण वाचा ही विनंती.

आम्ही पाच जण आहोत. एक जण भुसावळचा, एक अमळनेरची, एक धुळ्याचा, एक शहाद्याकडचा आणि मी यावल तालुक्यातला केळीवाला. गेली अडीच वर्षं आम्ही मिळून भयकथा लिहितो आणि दर अमावस्येला एक गोष्ट आवाजात काढतो. सुरुवात भरीत पार्टीत झाली. थंडीत वावरात पऱ्हाट्यांचा जाळ करायचा, हिरवी वांगी भाजायची, आणि जाळ खाली बसला की कोणीतरी सुरू करणारच : "त्या दिवशी रातची लाईन होती..."

बाहेरच्यांसाठी सांगतो. शेतीची थ्री फेज वीज काही दिवस रात्रीची असते. मग बारा-एक वाजता उठून, बॅटरी घेऊन, मोटार चालू करायला एकट्याने जायचं. आता ऑटो स्विच आलेत, पण फ्यूज गेला की जावंच लागतं. भरलेल्या केळीबागेत पुनवेच्या रात्रीसुद्धा खाली उजेड पोचत नाही. वाऱ्याने पानं फाटून त्यांच्या पट्ट्या झालेल्या असतात. एखादीच पट्टी हलते आणि दोन ओळी सोडून कोणी चालतंय असं वाटतं. आपण थांबलो की तेही थांबतं. हे मी शेकडो वेळा अनुभवलंय आणि अजून पाठीवर काटा येतो. आमच्या गोष्टी या भीतीतून आल्या.

आता ज्यासाठी धागा काढला ते सांगतो.

आमची सातवी गोष्ट विहिरीची होती. जुनी दगडी विहीर, आता कोणी वापरत नाही. मोटार बंद करायला गेलेला माणूस कशाच्या तरी चाहुलीने आत डोकावतो, "कोन शे रे तठे?" म्हणतो, आणि आतून त्याच्याच आवाजात उत्तर येतं. लिहिली चौघांनी, आवाज माझा. रेकॉर्ड करताना मी मसुद्यात नसलेलं एक वाक्य सुरुवातीला घातलं : "ही सत्य घटना आहे." तिथेच न थांबता शिवाराचं नाव सांगितलं, कोणत्या फाट्यावरून आत वळायचं तेही सांगितलं. विहीर खरी होती, लहानपणापासून पाहिलेली. घटना आम्ही रचलेली.

गोष्ट पुष्कळ ऐकली गेली. पंधरा दिवसांत पोरं रात्री मोटारसायकलींवर तिथे जायला लागली. विहिरीजवळ एका म्हाताऱ्या बाईचं एका खोलीचं घर आहे. ती एकटी राहते, दोन म्हशी आहेत. आमच्या गोष्टीत ती कुठेच नव्हती. पण पोरांना तिथे दिवा दिसला, दारात बाई दिसली, त्यांनी व्हिडिओ काढले. एका सकाळी तिच्या उंबऱ्यासमोर लिंबू आणि हळदकुंकू टाकलेलं निघालं. मग गावातल्या दोन घरांनी तिच्याकडचं दूध बंद केलं.

मला हे कळलं तेव्हा मी आणि भुसावळचा मित्र तिच्याकडे गेलो. सगळं सांगितलं, पाया पडलो. ती रागावली नाही. तिने एवढंच विचारलं, "मग आता हे दूध कुठे घालू?"

आम्ही तो भाग काढून टाकला. विहिरीची घटना आम्ही रचली आहे असं सांगणारा वेगळा भाग केला. गावात जाऊन पारावर चारचौघांसमोर, पोलीस पाटलांना बसवून, तेच बोललो. एका घराने दूध परत सुरू केलं, दुसऱ्याने अजून नाही. ते दूध रोज माझ्याकडे येतं.

माझं मत पक्कं झालंय : गोष्टीतल्या जागेचा पत्ता द्यायचा नाही आणि "सत्य घटना" हे शब्द आमच्या तोंडून पुन्हा निघणार नाहीत. पण आमच्यातच यावर एकमत नाही. पत्ता काढला की गोष्ट पोकळ होते असं दोघांचं म्हणणं आहे. म्हणून इथे विचारतोय. शिवाय बोलीत सांगायचं की प्रमाण मराठीत, दुसऱ्यांच्या कथा वाचता येतात का, यावरही अडलंय. ज्यांनी असं काम केलंय त्यांनी लिहा.

तिसरा_फलाट

भाऊ, झालं ते वाईट झालं आणि तुम्ही जाऊन माफी मागितली हे फार मोलाचं आहे. पण मी दुसऱ्या बाजूने बोलतो, कारण मी तुमचे सगळे भाग ऐकलेत.

माझी रेल्वेत एकोणतीस वर्षं झाली. भुसावळच्या यार्डात रात्रपाळी केलेल्या माणसाला "एका स्टेशनवर एकदा" असं सांगितलं तर तो उठून जाईल. भीतीला जागा लागते. अमुक पूल, अमुक गेट, अमुक केबिन, असं म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ते उभं राहतं आणि उद्या त्याच गेटवरून जाताना त्याला गोष्ट आठवते. ती आठवण म्हणजेच भयकथेचं यश. जागा पुसली तर राहिलं काय? आणि "सत्य घटना" म्हणण्याची रीत जुनी आहे. पारावरचा प्रत्येक माणूस "माझ्या चुलत्याला दिसलं" म्हणूनच सुरू करतो.

सातपुडा_पायथा

तिसरा फलाट दादा, पारावरचं ऐकणारे वीस जण असतात आणि ते सांगणाऱ्याला ओळखतात. चुलत्याला किती दिसतं आणि कधी दिसतं हेही त्यांना माहीत असतं. फोनमधल्या आवाजाला असं ओळखणारं कोणी नसतं.

मी नंदुरबारमधल्या अक्राणीच्या डोंगरात आरोग्याचं काम करते. तुम्ही लोक लिंबू आणि हळदकुंकवापर्यंत आलात, आमच्याकडे याच्या पुढच्या पायऱ्या आहेत. पाड्यावर मूल तापाने दगावलं, जनावर मेलं, जमिनीचा वाद निघाला, की एखाद्या बाईकडे बोट जातं : डाकीण. बहुतेक वेळा ती एकटी असते, विधवा असते, नाहीतर तिच्या नावावर तुकडाभर जमीन असते. मग मारहाण, पाड्यावरून हाकलणं, आणि काही वेळा खून. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आमच्या भागात पुष्कळ आहे. त्यात हाडं अशी दुखतात की मूल रात्रभर ओरडतं. रक्ताची तपासणी होईपर्यंत घरच्यांनी कारण शेजारणीच्या नजरेत शोधून ठेवलेलं असतं. अशा घरांत मी बसलेली आहे.

२०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. एखादी व्यक्ती करणी करते, जादूटोणा करते, तिच्यात सैतान आहे असं भासवून तिचं जगणं मुश्कील करणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आणि दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. पण पोलीस येईपर्यंत रात्र गेलेली असते.

मी भयकथांच्या विरोधात नाही. कॉलेजात असताना रात्र रात्र वाचल्यात. तुम्हाला एकच मागते : डाकीण हे पात्र खलनायिका म्हणून कधीही वापरू नका. मुंबई-पुण्यात ती फक्त गोष्ट असते, इथे त्या शब्दाला घरं आहेत. लिहायचंच असेल तर उलटं लिहा. आत एकटी बाई, बाहेर मोटारसायकली थांबल्याचा आवाज, आणि कोणीतरी हळू आवाजात म्हणतंय, "हेच घर." यापेक्षा भयंकर गोष्ट मला ठाऊक नाही.

रातची_लाईन

ताई, हे वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. पहिल्या वर्षी आम्ही एका गोष्टीत तो शब्द वापरलाय, सहज, वातावरणासाठी. आज रात्री तो भाग काढतो.

पांझराकाठ

मी त्या पाचांपैकी धुळ्याचा. पत्त्याच्या भांडणात मी तिसरा फलाट यांच्या बाजूचा होतो. ताईंचं वाचून मत हललं. तरी तिसरा फलाट यांच्या मुद्द्यात तथ्य आहे, त्याला उत्तर हवं. मला ते एका जुन्या कथेत सापडलं आणि ती नेमकी रेल्वेची आहे.

डिकन्सची 'द सिग्नल-मॅन', १८६६ सालची. खोल खोदलेली दरड, ओल गळणाऱ्या भिंती, बोगद्याचं काळं तोंड, त्याच्याजवळ लाल दिवा, केबिनमध्ये घंटी. हे सगळं इतकं बारीक आहे की हात लावला तर बोटांना ओल लागेल. आणि अख्ख्या कथेत स्टेशनचं नाव नाही, मार्गाचं नाव नाही, त्या सिग्नलवाल्यालाही नाव नाही. लेखकाकडे खरी जागा नव्हती असंही म्हणता येत नाही. आदल्याच वर्षी, जून १८६५ मध्ये, स्टेपलहर्स्टच्या रेल्वे अपघातातून तो स्वतः वाचला होता, जखमींना त्याने पाणी पाजलं होतं. तरी कथेत त्या अपघाताचा पत्ता घातला नाही.

म्हणजे जागा लागतेच, ती दगड, ओल, वास आणि आवाज यांची लागते. फाट्याचं नाव ही आपली पळवाट होती. वर्णन करायचे कष्ट वाचवायला आपण नकाशा दिला.

दुसऱ्यांच्या कथांबद्दल. आम्हाला दर आठवड्याला निरोप येतात : धारपांची वाचा, मतकरींची वाचा. त्यांच्यावाचून आम्ही या वाटेला आलोच नसतो. पण नारायण धारप २००८ मध्ये गेले आणि रत्नाकर मतकरी २०२० मध्ये. आपल्या कायद्यात लेखकाच्या निधनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. धारपांचा २०६८ संपेपर्यंत, मतकरींचा २०८० संपेपर्यंत. हक्कदारांच्या लेखी परवानगीशिवाय त्यांची कथा आवाजात काढणं बरोबर नाही, मग त्यातून पैसे मिळोत न मिळोत. "श्रेय दिलंय" असं खाली लिहिल्याने परवानगी मिळत नाही. समीक्षा करताना थोडा भाग वाचून दाखवणं वेगळं, अख्खी कथा वाचणं वेगळं.

मोकळ्या झालेल्यांत डिकन्स आहेच, एम. आर. जेम्स (निधन १९३६), डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स (१९४३), अल्जर्नन ब्लॅकवुड (१९५१). इथे एक खड्डा आहे. मूळ कथा मोकळी असली तरी कोणी केलेल्या मराठी अनुवादाचा हक्क त्या अनुवादकाचा असतो. अनुवाद आपण स्वतः करायचा.

आणि मिळून लिहिणाऱ्यांनी हे आधी करा, मैत्री घट्ट असताना. कोणी किती लिहिलं हे वेगळं काढता येत नसेल तर कायद्याने ती संयुक्त कृती ठरते आणि सगळे तिचे लेखक. एकाने परस्पर ती नाटकवाल्याला देऊन टाकायची नाही, एक जण सोडून गेला तर काय, आवाज देणाऱ्याचा कलाकार म्हणून वेगळा हक्क आहे त्याचं काय, हे एका कागदावर लिहून सगळ्यांनी सही करा. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखीच द्यावा लागतो, आणि कागदावर मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते. आमचा कागद दीड पानाचा आहे. तो होईपर्यंत दोनदा कडू बोलणं झालं, नंतर एकदाही नाही.

कळण्याची_भाकर

पाचांतली अमळनेरची ती मीच. वयाने सगळ्यांत मोठी, म्हणून आजीकडे जाते.

चैत्र-वैशाखात दिवसभर कुरडया-पापड घातले की रात्री आम्ही पोरं धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, झोपायचो. आजी गोष्ट सांगायची, अहिराणीत. दिवसा मागितली तर म्हणायची, दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो. सुरुवात ठरलेली : "एक गाव व्हतं. गावले नाव नव्हतं." लहानपणी मला वाटायचं, आजीला नाव आठवत नाही. परवा हा धागा काढायचं ठरलं तेव्हा उमगलं. तिच्या गोष्टीत पाण्यातल्या आसरा होत्या, वाट भुलवणारा चकवा होता, आणि आमच्या गल्लीपासून हाकेच्या अंतरावर नदी होती. नदीचं नाव घेतलं असतं तर आम्ही पोरं पाण्याला गेलो नसतो, आणि ज्यांची घरं नदीकाठी होती त्यांच्या पोरांशी खेळलो नसतो.

श्रावणातल्या कहाण्या घ्या. आटपाट नगर होतं. नकाशावर कुठे आहे आटपाट नगर? सांगणाऱ्या बायकांनी पत्ता आधीच काढून टाकलाय. आणि शेवटी साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण. म्हणजे दार उघडतानाही शब्द ठरलेले आणि लावतानाही. आजी गोष्ट संपली की प्रत्येकाला तांब्यातलं पाणी प्यायला लावायची आणि आकाशातला एक तारा दाखवायची. मग झोप.

आपल्या भागांना दार नाही. किंकाळी झाली की एकदम शांतता, आणि ऐकणारा त्याच्या अंधाऱ्या खोलीत एकटा. आपल्याला वाटतं प्रभाव पडला. मला वाटतं आपण दार उघडं टाकून निघून आलो. शेवटी माझ्या आवाजात दोन ओळी ठेवा : गोष्ट आमची, रचलेली, इथे संपली. मी म्हणते तशी म्हणेन, घाई न करता.

तिसरा_फलाट

ताई, मी तुमच्याशी भांडायला आलो होतो. ती सिग्नलवाल्याची गोष्ट मी काल रात्री वाचली. आम्ही ज्याला कटिंग म्हणतो तीच जागा आहे. ओल, दिवा, घंटी, सगळं ओळखीचं. नाव कुठेच नव्हतं आणि मला गरजही वाटली नाही, मी माझंच कटिंग त्यात घातलं. म्हणजे पत्ता ऐकणारा आपापला घालतो. "सत्य घटना"चा आग्रह सोडतो.

पण शेवटच्या दोन ओळींना माझा विरोध आहे. गोष्ट रचलेली आहे हे सुरुवातीला सांगा, शेवटी नको. शेवटची शांतता मोडली तर गोष्ट मोडते.

कळण्याची_भाकर

सुरुवातीला सांगितलेलं पाचव्या मिनिटाला विसरायला होतं, भाऊ. ते चांगल्या गोष्टीचं लक्षण आहे. म्हणूनच शेवटी परत सांगायचं. तुमच्यासाठी मध्ये दहा सेकंद थांबेन.

बागवान_यावल

मुंजाबद्दल लिहायचं होतं. तुमच्या एका गोष्टीत पिंपळावरचा मुंजा पोराला झपाटतो. सिनेमा-मालिकांतून सगळीकडे असंच दाखवतात. आपल्याकडे अट्रावलला मुंजोबाची यात्रा भरते, माघात. आमच्या घरातून दरवर्षी जातात, नवस फेडतात. माझी आई तुमची गोष्ट ऐकत होती, मध्येच उठून गेली. घाबरली नव्हती. तिला वाईट वाटलं.

मी श्रद्धेवरून वाद घालत नाही. एवढंच सांगतो की कोकणात जे भूत आहे ते इथे कोणाचा देव असतं. पुस्तकातून भुतांची यादी उचलायची आणि खान्देशात आणून ठेवायची, हे खोटं वाटतं. आपल्याकडची भीती वेगळी आहे. मे महिन्यात दुपारी दोनला गावातला रस्ता बघा. चिटपाखरू नाही, झळा उठतायत, सगळी दारं लावलेली. त्या वेळी कोणी दार वाजवलं तर? यावर अजून कोणी का लिहीत नाही?

रातची_लाईन

भाऊ, आईंना माझा नमस्कार सांगा. मुंजाची गोष्ट आम्ही तिघांनी लिहिली आणि तिघांपैकी कोणीही अट्रावलला जाऊन आलेलं नव्हतं. माघात येतो, तुमच्या घरच्यांबरोबर.

दुपारची कल्पना मी घेतो म्हणत नाही. ती तुमची आहे. तुम्ही लिहा, आम्ही आवाज देऊ, वर पांझराकाठने सांगितलेल्या कागदावर सही करून.

नवा_श्रोता_जळगाव

एक सुचवू? भादली स्टेशनजवळ बालकवींचा मृत्यू झाला, १९१८ साली, रेल्वेखाली. रात्री रुळांवर कविता म्हणत चालणारी आकृती, अशी गोष्ट जबरदस्त होईल. जागाही सगळ्यांना माहीत आहे.

कळण्याची_भाकर

नको बाळा. ते अठ्ठावीसही पूर्ण झाले नव्हते. धरणगावचं पोर होतं ते, आपलं. त्यांचं भूत करायचं नाही.

त्यांच्या मनातली रात्र हवी असेल तर 'खेड्यातील रात्र' ही कविता आहे. उजाड माळ, ओसाड देऊळ, वडाचा पार. फुलराणीवाल्या कवीकडे हा अंधार होता हे शाळेत कोणी सांगत नाही. ती कविता आम्ही आवाजात काढू शकतो, तिचा हक्क केव्हाच मोकळा झालाय. तू वाचशील का? तुझा आवाज पाठव.

गिरणा_पलीकडे

मी चाळीसगावकडचा, लग्नांत आणि कीर्तनांत साउंडचं काम करतो. तुमचे भाग हेडफोन लावून ऐकले. लिखाण चांगलं आहे, आवाजाने मार खातंय. स्पष्ट लिहितो.

पंखा. प्रत्येक भागात पंख्याची घरघर आहे. मे महिन्यात पारा ४४-४५ वर असताना बंद खोलीत पंख्याशिवाय वाचणं कठीण आहे हे मलाही कळतं. पहाटे ४ ते ६ मध्ये रेकॉर्ड करा. रस्ता शांत असतो आणि रात्रभर झोपलेला आवाज खाली, जड असतो, भयकथेला तोच लागतो. भिंतींना गोधड्या टांगा, कपाट उघडं ठेवून कपड्यांकडे तोंड करून वाचा. महागड्या फोमची गरज नाही. विजेची ५० हर्ट्झची गुणगुण येते ती चार्जर काढला की बरीच जाते. उरलेलं, ८० हर्ट्झच्या खालचं, ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये कापून टाका, ते फुकट मिळतं.

पातळी. तुमची कुजबूज ऐकू यावी म्हणून ऐकणारा आवाज वाढवतो आणि पुढच्या क्षणी किंचाळी कानात घुसते. ही भीती नव्हे, इजा आहे. अख्खा भाग उणे १६ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारी आवाजाची सरासरी पातळी मोजायचं एकक) आसपास आणा, मोनो असेल तर उणे १९, आणि सगळ्यांत उंच टोक उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. माझा सल्ला विचाराल तर किंचाळ्या काढूनच टाका. सातव्या गोष्टीत विहिरीतून साध्या आवाजात आलेलं उत्तर हा तुमच्या सगळ्या भागांतला सगळ्यांत भयानक क्षण होता.

शांतता. विरामाच्या जागी तुम्ही आवाज पूर्ण शून्य करता. ऐकणाऱ्याला वाटतं फोन बंद पडला. रेकॉर्डिंगच्या आधी कोणीही न बोलता खोलीचा ३० सेकंद आवाज घ्या आणि विरामात तोच भरा. मग ती शांतता जिवंत वाटते.

आणि पाखरं. इंटरनेटवरून घेतलेले रातकिडे आणि घुबड आपल्याकडचे नाहीत, कानाला लगेच कळतं. तिसऱ्या गोष्टीत केळीबागेत लांडग्यांचा कळप ओरडतोय. आपल्याकडे कोल्हेकुई असते, टिटवी असते, डीपीच्या (ट्रान्सफॉर्मरच्या) खांबावर पिंगळा असतो. स्वतः रेकॉर्ड करा, परवान्याचाही प्रश्न मिटतो.

पांझराकाठ

दादा, हे सगळं छापून खोलीच्या भिंतीवर लावतोय.

मिळून लिहिण्याबद्दल एक राहिलं. १८१६ च्या जूनमध्ये जिनिव्हाच्या तळ्याकाठी पावसाने अडकलेल्या मित्रांनी भुताच्या गोष्टी लिहायची पैज लावली, त्यातून १८ वर्षांच्या मेरीने (पुढची मेरी शेली) 'फ्रँकेन्स्टाइन' लिहिलं आणि डॉक्टर पोलिडोरीने 'द व्हॅम्पायर'. आम्ही सुरुवातीला ते उदाहरण डोळ्यांसमोर ठेवून एकेका परिच्छेदाची साखळी करायचो. पाच परिच्छेद, पाच हात, आणि प्रत्येक जण आपल्या परिच्छेदात घाबरवायला बघणार. गोष्ट तिसऱ्या परिच्छेदातच दमायची. नंतर लक्षात आलं की त्या तळ्याकाठी रात्र एकत्र होती, लिहिलं ज्याचं त्याने. आता आम्ही बोलतो एकत्र, पहिला मसुदा एकाचा, बाकीचे फक्त कुठे भीती वाटली आणि कुठे गेली तिथे खूण करतात. दुरुस्ती सुचवायची नाही, खूणच करायची. शेवटचा हात पुन्हा पहिल्याचाच.

सातपुडा_पायथा

बोलीचं कोणीच लिहिलं नाही. माझ्या पाड्यांवर पावरी आणि भिलोरी आहे, अहिराणी माझ्या माहेरची. मी तरी असं ऐकते : निवेदन प्रमाण मराठीत असलं तर चालतं, पण अंधारातला माणूस ज्या भाषेत घाबरतो ती त्याचीच हवी. "कोण आहे तिकडे?" असं म्हणणारा शेतकरी पाठ केल्यासारखा वाटतो. "कोन शे रे तठे?" म्हटलं की तो माझा काका होतो. आणि उत्तर कोणत्या भाषेत येतं, हे तर गोष्टीचं मर्म. विहिरीतून पुस्तकी मराठीत उत्तर आलं असतं तर?

रातची_लाईन

ताई, हे मी वहीत लिहून घेतलं.

ठरलं ते सांगतो. पोळ्याच्या अमावस्येची गोष्ट तुम्ही सांगितलेली : आत बाई, बाहेर मोटारसायकली. मसुदा कळण्याची भाकर यांचा. विहीर नसेल, म्हशी नसतील, यावलचं शिवार नसेल. लिहून झाली की सगळ्यांत आधी त्या आजींकडे जाऊन वाचून दाखवणार. त्या नको म्हणाल्या तर काढणार नाही. त्यांना विचारायला काल गेलो होतो. म्हणाल्या, "वाचून दाखव, मग सांगते." दूध घेऊन आलो.

एक मदत हवी. त्या गोष्टीत शेवटी मोटारसायकली निघून जातात आणि फक्त केळीची पानं ऐकू येतात. माझी बाग नुकतीच कापली, पिलं (बुंध्याशी फुटलेले नवे कोंब) गुडघ्याएवढीच आहेत. भरलेल्या बागेतला रात्रीचा वारा कोणी रेकॉर्ड करून देईल का? निदान दहा मिनिटं, मध्ये न बोलता.

बागवान_यावल

माझी बाग भरलेली आहे. पावसाने दडी मारलीय, पाणी भरावंच लागतंय. बुधवारी रातची लाईन आहे, बाराला. फोन घेऊन जातो. मोटार चालू करायच्या आधी घेतो, नाहीतर तिचाच आवाज येईल.

गिरणा_पलीकडे

फोन विमान मोडवर टाका. माइकवर पातळ सुती रुमाल एकपदरी गुंडाळा, हवा थेट लागणार नाही. हातात धरू नका, खोडाला टेकवून ठेवा आणि तुम्ही दहा पावलं लांब उभे राहा.

बागवान_यावल

दहा पावलं लांब म्हणजे बॅटरी बंद करून?

गिरणा_पलीकडे

बॅटरीचा आवाज येत नाही, भाऊ. चालू ठेवा.